राजीखुशीनं

गजेंद्र सरांनी चार मिनिटं सलग, मुद्देसूद आणि आकडेवारीसकट जे मत मांडलं ते त्यांचं नव्हतं, हे त्यांना पाचव्या मिनिटाला कळलं. बुलढाण्यात, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत, सकाळी साडेअकराच्या सुमारास. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याची भांडी घासली जात होती. वर आठ जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून प्रशिक्षण घेत होते आणि समोर प्रसेनजित उभा होता. प्रसेनजित सरांचाच विद्यार्थी, वडनेर भोलजीचा. बारावीला अर्थशास्त्रात अठ्ठ्याण्णव मार्क पाडून गेला तो बंगळूरला, तिथून आणखी कुठं कुठं, आणि आता माणसं निर्णय कसे घेतात यावर प्रयोग करायला जिल्ह्यात परतला होता. माणसं निर्णय कसे घेतात हे पाहायला बंगळूरहून बुलढाण्याला यावं लागतं, याचं सरांना आधी हसू आलं होतं. त्यानं त्यांना ‘स्थानिक समन्वयक’ केलं तेव्हा त्यांनी ते आवरलं. सर सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत होते. ‘उपभोक्ता हा विवेकी असतो’ हे वाक्य त्यांनी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं की खडू आपसूक तिकडं वळे. स्वतः मात्र ते भाजी आणताना जी बाई आधी हाक मारेल तिच्याकडून घेत.

झालं होतं ते इतकंच. सकाळी आल्याआल्या सगळ्यांनी एक प्रश्नावली भरली. बारा विधानं, प्रत्येकापुढं एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. सातवं विधान होतं : वडिलांच्या शेतात बहिणीला बरोबरीचा वाटा मिळाला पाहिजे. सरांनी पाचावर गोल केला. विचार करावा लागला नाही; आठ मार्चला कॉलेजात या विषयावर दरवर्षी सरच बोलतात. मग चहा झाला. चहानंतर प्रसेनजितनं सरांचं पॅड हातात घेतलं, पानं मागं उलटवली, पुन्हा पुढं आणली आणि म्हणाला, “सर, सातव्याला तुम्ही पाच दिले. वडिलांचं शेत भावाकडंच एकत्र राहावं, बहिणीनं हक्क सोडलेला बरा. पूर्ण पटते म्हणता. काऊन बरं?”

आणि सर बोलू लागले. “म्हणजे कसं आहे,” अशी सुरुवात झाली. जमिनीचे तुकडे पडले की ना बैलजोडी परवडत ना ट्रॅक्टर. पाच जणांत वाटणी केली तर एकाचा वाटा नुसता धुऱ्याबांधातच जातो. मुलगी सासरी गेल्यावर शेताकडं बघणार कोण, शेवटी ते बटईनंच, अर्ध्या पिकावर कसायला द्यायचं, आणि बटईवाला कुणाचाच नसतो. पुढं तुकडेबंदी आली, सरासरी धारणक्षेत्र आलं, एक आकडा तर दशांशापर्यंत आला. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, “आता माझंच घ्या ना. डोणगावचं आमचं चार एकर. माझ्या बहिणीनं हक्क सोडला तो राजीखुशीनं. कुणी विचारायच्या आधीच.”

प्रसेनजितनं पॅड उलटं करून दाखवलं. सातवं विधान एका पातळ चिठ्ठीवर छापून पानावर हलक्या डिंकानं चिकटवलेलं होतं. पॅडच्या पाठीला जरा जास्त डिंक. पान मागं नेलं की चिठ्ठी पाठीला चिकटून राहते, पान पुढं येतं तेव्हा चिठ्ठीखालचं उलटं विधान वर आलेलं असतं. गोल केलेला आकडा जिथल्या तिथं. आठही जण हसले. सरही हसले, कारण सर खिलाडू आहेत असं सगळे म्हणत. “बहुतेकांना कळत नाही, सर,” प्रसेनजित नम्रपणे म्हणाला. “आपण निवडलं म्हणून कारणं देतो असं माणसाला वाटते. कारणं दिली की मग वाटते, आपणच निवडलं असन.” “आणि याचा उपयोग?” सरांनी विचारलं, समन्वयकानं विचारावं म्हणून. “मतचाचण्या, संमतीपत्रं, कर्जाचे फॉर्म. कुठंही जिथं माणूस सही करते. सगळ्याईलेच उपयोग आहे, सर. चांगलाही.” खाली एक परात घरंगळत गेली आणि बराच वेळ थांबेना.

फसवलं गेल्याचं सरांना फार वाटलं नाही. शिक्षकाला सवय असते. पण गावातल्या रस्त्यानं घरी जाताना, जयस्तंभाकडं वळताना, त्यांच्या लक्षात आलं की ते सगळं तयार होतं. बैलजोडी, ट्रॅक्टर, दशांशापर्यंतचा आकडा. यातलं काही त्यांनी तिथं उभं राहून रचलं नव्हतं. आत कुणीतरी बसून हे भाषण चौदा वर्षं घडी घालून सांभाळलं होतं, आणि पहिली संधी मिळाल्याबरोबर ते झटकून पुढं केलं होतं. कुणासाठी? सरांना तर कुणी कधी विचारलंच नव्हतं. आणि ते शेवटचं वाक्य. कुणी विचारायच्या आधीच. भाषणात ते शोभून दिसलं होतं. रस्त्यात ते पुन्हा मनातल्या मनात म्हटल्यावर त्याचा अर्थ एवढाच उरत होता की कुणी विचारलं नव्हतं.

ते आठवायला लागले. आठवण्याच्या बाबतीत सर पक्के. पंचवीस वर्षांपूर्वीच्या हजेरीपटातली नावं ते क्रमानं म्हणू शकत. मेहकरची दुय्यम निबंधकाची कचेरी, चौदा वर्षांपूर्वीचा वैशाख. दस्त लिहिणारा हिंमतराव, कानावर पेन, “बाईच्या बांगड्या जरा मांगं सारा हो, अंगठा नीट उमटत नाही.” वायरीला टांगलेला कॅमेरा. समोर झेरॉक्सची टपरी आणि तिच्यापुढं लावलेली एक जीप, जिची सावली तेवढी होती. बायकोनं, निशिगंधानं, खामगावहून आणलेली हिरवी साडी, बारीक काठाची, पिशवीत. बहिणीनं हक्क सोडला की भावानं साडी-चोळी करायची ही रीत. दुपारी खानावळीत शेवभाजी. बहिणीनं, पुष्पाबाईनं, आपल्या ताटातली अर्धी पोळी त्यांच्या ताटात टाकली होती, तीसुद्धा न विचारता. सगळं होतं. फक्त विचारल्याचा क्षण सापडत नव्हता. ते त्याही मागं गेले, वडिलांच्या, किसनरावांच्या, तेरवीला. ओट्यावर सगळे बसलेले. काका अर्जुनराव सुपारी कातरत म्हणाले होते, “पुष्पी काही मांगनार नाही. तशी नाही ते.” सगळ्यांनी माना हलवल्या. सरांनीही हलवली असावी. पुष्पाबाई तेव्हा आत पोळ्या लाटत होती, लाटण्याचा आवाज येत होता, आणि माना हलल्या तेव्हा तो थांबला होता की नाही, एवढंच त्यांना नक्की आठवेना. तिथून पुढची आठवण थेट हिंमतरावाच्या पेनाची. मधे पान उलटल्यासारखं कोरं.

त्या आठवड्यात एके सकाळी त्यांनी चहा तोंडाला लावला आणि तो बिनसाखरेचा निघाला. “साखर?” ते म्हणाले. निशिगंधा ओट्याशी पाठमोरी होती. “तुम्हीच तर सोडली. मागल्या महिन्यात.” “हो, म्हणजे कसं आहे,” सर म्हणाले, “एकदा पन्नाशी उलटली की…” आणि मधेच थांबले. साखर सोडल्याचं त्यांना मुळीच आठवत नव्हतं. पण पन्नाशी, रक्तातली साखर, मामाचा कापलेला पाय, हे सगळं जिभेवर ओळीनं येऊन उभं होतं. चहा त्यांनी तसाच प्यायला. चांगला लागला. त्यानंतर घरातल्या बऱ्याच गोष्टींकडं ते जरा सावधपणानं बघू लागले. करड्या रंगाचे चार शर्ट; आपल्याला करडा आवडतो. दिवाणाची भिंतीकडची बाजू. आपण भिंतीकडं झोपतो. बैठकीतला घोड्यांचा देखावा, जो दोघांपैकी कुणी आणला ते दोघांनाही सांगता येत नव्हतं आणि जो काढायला दोघांचाही विरोध होता. रोज कुणीतरी येऊन एकेक पान मागं नेऊन पुढं आणत असावं, इतक्या हलक्या हातानं की वारा लागू नये.

प्रयोग मात्र जोरात चालला. सर पॅड घेऊन नांदुरा, मोताळा, मेहकर तालुक्यांत हिंडले. रीत ठरलेली : प्रश्नावली भरून घ्यायची, इकडचं तिकडचं बोलायचं, पानं उलटायची, सातवं वाचून दाखवायचं, काऊन ते विचारायचं. शेवटी चिठ्ठी दाखवून खरं सांगायचं आणि सही घ्यायची. पहिल्या चार-पाच वेळा सरांना चिठ्ठी नीट जमली नाही, पुढं हात बसला. त्यांना सवय झाली नाही ती मधल्या थांबण्याची. वाचून दाखवलं की माणूस थांबे. डोळे छपराकडं जात, चेहऱ्यावरून काहीतरी निघून जाई, एखाद्या घरातून माणसं निघून गेल्यावर दार नुसतं लोटलेलं राहावं तसा तो चेहरा दिसे. दोन श्वास, फार तर तीन. मग ओठ हलत, आणि दरवेळी तेच येई, “म्हंजे कसं हाये…” तरुणांकडून, म्हाताऱ्यांकडून, एका ग्रामसेवकाकडून, एका डी.एड. झालेल्या मुलीकडून. शब्द तेच आणि, सरांना शपथेवर सांगता आलं असतं, आवाजही तोच. जरासा खालचा, समजूतदार, घरातल्या वडीलधाऱ्याचा. हा आवाज त्यांनी कुठंतरी ऐकला होता. वडनेरचे इंद्रभान तर बहिणीनं हक्क का सोडावा हे सांगताना रडले. त्यांना चिठ्ठी दाखवली, तुम्ही उलटं म्हणाला होता हे समजावलं. त्यांनी चिठ्ठी उजेडाकडं धरून नीट पाहिली. “मंग चिठ्ठीच चुकली असन, मास्तर,” ते डोळे पुसत म्हणाले. “म्या आता सांगतलं तेच खरं हाये. येवढं मनापासून माणूस खोटं बोलन काय?”

सरांनी संध्याकाळी प्रसेनजितला फोन केला. खरं सांगितल्यावर माणूस मूळ मताला परततो ना, असं विचारलं. “काही परततात, सर. काहीचं तसंच राहते. दिलेली कारणं माणसाले आपलीच वाटतात. आपलीच असतातही, एका अर्थी.” “आणि सांगितलंच नाही तर?” “न सांगता सोडाची परवानगी नाही ना सर आपल्याले,” प्रसेनजित म्हणाला. “प्रयोगात.”

एकच बाई अडकली नाही. वडनेरलाच, इंद्रभानांच्या घरापासून तीन घरं सोडून. बनाबाई, सत्तरीची, दारात तुरी निवडत बसलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी एकेक विधान वाचून दाखवलं आणि ती सांगे त्या आकड्यावर गोल केला. सातव्याला ती सुपातून मान वर न करता म्हणाली होती, “पोट दोघाईले एकच होतं न? मंग वाटे कमीजास्त कसे? पाच लिही.” सरांनी पानं मागं नेली, पुढं आणली आणि वाचलं. ती थांबली. सर वाट बघू लागले, की आता डोळे छपराकडं जातील. ते गेले नाहीत. तिनं सरळ सरांकडं पाहिलं.

“हे म्या नाही म्हनलं.”

“पण आजी, इथं पाचच आहे बघा. गोल आहे.”

“आकडा असन पाच. बोलनं माहं नाही.”

“तुम्हाला नक्की आठवतं?”

“मले वाचता येत नाही बाप्पा,” बनाबाई म्हणाली. “म्हनून काय बोललो ते ध्यानात ठेवा लागते. तुमचं बरं हाये, तुमच्यापाशी कागद असते.” आणि तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

सरांनी रकान्यात ‘ओळखलं’ असं लिहिलं. मोटारसायकलवर बसून त्यांनी किल्ली लावली आणि मग बराच वेळ फिरवलीच नाही.

घरी कागद होताच. रविवारी दुपारी त्यांनी गोदरेजच्या कपाटातून हक्कसोडपत्र काढलं. चौदा वर्षांत त्यांनी ते अनेकदा हाताळलं होतं, पीकविम्याला, फेरफाराला, पण वाचलं होतं ते गट नंबरापुरतं. आता त्यांनी मजकूर वाचला. ‘मी लिहून देणार… कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं…’ वाचताना आवाज ओळखीचा वाटला. जरासा खालचा, समजूतदार. शेवटच्या पानावर फोटो होते. कचेरीतल्या कॅमेऱ्यानं काढलेले, पोस्टाच्या तिकिटाएवढे, करडे. सरांचा फोटो सरळ समोर बघणारा. पुष्पाबाईचा तसा नव्हता. पदर डोक्यावर, चेहरा समोर, पण डोळे डावीकडं वळलेले, कॅमेरा चुकवून, फोटोच्या चौकटीबाहेर कुणाकडं तरी. डावीकडं कोण होतं? डावीकडं सर उभे होते. आणि मग ते आलं, कोऱ्या पानातून, एका तुकड्यात. टेबलामागचा साहेब मान वर न करता विचारत होता, “बाई, समजलं ना सगळं? राजीखुशीनं करून राह्यले ना?” पुष्पाबाईनं डावीकडं बघितलं होतं. आणि “हाव” असं उत्तर आलं होतं. स्पष्ट, अदबशीर, एका श्वासात. आवाज पुरुषाचा होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि विझला.

सरांनी फोटोवरून अंगठा फिरवला. मोठ्या बहिणीला साहेबापुढं बोलायला लागू नये, म्हणून धाकट्या भावानं बोलावं, ही आपल्याकडची चांगुलपणाची पद्धत. दवाखान्यात डॉक्टर विचारतो, “आजी, दुखते कुठं?” आणि मुलगा सांगतो. सरांनी बहिणीचा शब्द लुबाडला नव्हता, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून उचलून घेतला होता. म्हणजे कसं आहे… त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“ताईकडं जाऊन येतो म्हणतो,” ते निशिगंधाला म्हणाले. ती वाटाणे सोलत होती. “विचारून येतो, वाटा हवा का.”

“चौदा वर्षांनी?” तिनं शेंग उकलली. “विचारू नका. द्यायचा तर देऊन टाका. विचारलं की त्या नाही म्हणणार, अन् तुम्ही ते नाही ऐकायलाच चाललात.”

“असं काही नाही.”

“बरं.” दोन शेंगा झाल्या. “माझ्या हक्कसोडीवर सही घ्यायला भाऊ आला होता, तेव्हा खामगावपर्यंत गाडी कोणी चालवली होती?”

सरांनी खाली घरंगळलेला एक वाटाणा उचलून तिच्यापुढं ठेवला.

“तुम्हीच. अन् येताना रसवंतीवर मला उसाचा रस पाजला. आल्याचा. दोन गिलास.”

“पण तुझी इच्छा होतीच ना, निशा?”

“होती का?” ती म्हणाली. टोमणा असता तर सरांना पेलला असता. पण तिनं शेंग हातात धरून खरोखरच विचारलं होतं, जणू ही माहिती सरांकडं असायची शक्यता होती.

ताईच्या गावाची, धामणगाव बढ्याची एसटी राजूरच्या घाटातून उतरली तेव्हा सरांनी वाक्य तयार केलं : ताई, तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं. हाव मी म्हणालो होतो. माझं चुकलं. अर्धं शेत तुझं आहे. चारही वाक्यं छोटी होती, क्रियापदांसकट. मोताळ्याला एसटी थांबली तेव्हा त्यांनी ती दोनदा म्हटली.

पुष्पाबाईनं त्यांना पाहून हातातला झाडू दारातच टाकला. “अवो, कोन आलं पाहा! गजू! फोन तरी कराचा बे!” तिचे यजमान जानराव शेतात होते. सुनेनं पाणी आणलं, वाकून पाया पडली. ताट आलं. सर म्हणाले जेवून आलो. पुष्पाबाईनं भाकर वाढली. सर म्हणाले खरंच नको. तिनं पिठलं वाढलं. सर म्हणाले पोटात जागा नाही. “जागा कराची,” ती म्हणाली आणि वर तेल सोडलं. सर जेवू लागले.

“मामा, आत्याबाई नेहमी सांगतेत तुमचं,” सून दारचौकटीला टेकून म्हणाली. “गल्लीत कोनाच्या घरी वाटनीचा झगडा झाला का, त्या बायाले बसवून सांगतेत.”

“काय सांगते?” सरांनी विचारलं.

“आता तुह्याच तोंडावर काय सांगू,” पुष्पाबाई लाजली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण लाजली. आणि सांगू लागली. “त्या कचेरीपुढं कडूलिंब होता न मोठा, त्याच्याखाली तू मले बाजूले घेऊन गेला. म्हने, ताई, अर्धं तुहं हाये, सही नको करू. म्या म्हनलं, नाही बाप्पा, तुले लेकरं हायेत. एक खेप झाली. दुसऱ्या खेपेले तुह्या डोयात पानी. म्या म्हनलं, नाही. तिसऱ्या खेपेले तुनं माहा हात धरला. म्या म्हनलं, गजू, मले माहेर पाह्यजे, वावर नाही पाह्यजे.” तिचे डोळे छपराकडं गेले नव्हते. ती सरळ सरांकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका उजेड होता की सरांना नजर काढून घेता येईना. दारात सुनेचे ओठ सासूच्या शब्दांबरोबर हलत होते, एकही अक्षर न चुकता.

कडूलिंब नव्हता. झेरॉक्सची टपरी होती, जीप होती. सर घास तोंडात धरून बसले आणि आठवणीतल्या टपरीमागं एक कडूलिंब हळूहळू उभा राहायला लागला. आधी खोड, मग सावली. वैशाखातली सावली, पिवळ्या निंबोळ्या पडलेली. त्यांनी डोळे मिटले तर तो वाढलाच. चार छोटी वाक्यं त्यांच्याजवळ होती. ती बोलायची म्हणजे काय करायचं, हे त्यांना आता त्या ताटापुढं समजत होतं. वाटा गेला तो गेला; नकार तरी तिचा होता. सासरी चाळीस वर्षं काढलेल्या बाईजवळ स्वतःचं म्हणून जे थोडं असतं, त्यात हे सगळ्यात वरचं. या घरात, या गल्लीत ती ज्या उंचीवर बसली होती ती या तीन खेपांवर. तुला कुणी विचारलंच नव्हतं हे सांगणं म्हणजे तिच्याकडून दुसरं हक्कसोडपत्र करून घेणं. आणि न सांगणं म्हणजे काय, तेही त्यांना समजत होतं. प्रयोगात त्याला परवानगी नव्हती.

सुनेला कुणीतरी हाक मारली, ती गेली. पिठल्यावर साय धरत होती.

“ताई,” सर म्हणाले. आवाज जरासा खालचा आला. त्यांनी घसा खाकरून तो वर घेतला. “चौथ्यांदा विचारतो. अर्धं घे.”

पुष्पाबाई थांबली. सर त्या थांबण्याला ओळखत होते. दोन श्वास, तीन. आता ‘म्हंजे कसं हाये’ येईल, माहेर येईल, लेकरं येतील. त्यांना जाणवलं की आपण त्याची वाट बघतोय, आणि ते आलं तर आपल्याला बरं वाटेल. निशिगंधा म्हणाली होती तसं. चौथा श्वास झाला. बाहेर कुणाचा तरी पंप सुरू झाला.

“तीन खेपा नाही म्हनाची रीतच असते, गजू,” पुष्पाबाई म्हणाली. “आता तू भाकर खाल्ली का नाही? चौथ्या खेपेची म्या वाट पाह्यली. दिवाळीले पाह्यली, आखाजीच्या सनाले पाह्यली. तू साडी घेऊन आला, पन चौथ्या खेपेनं आला नाही.” तिनं पदरानं ओठ टिपले. मग बोटानं जमिनीवर एक आडवी रेघ ओढली, दुसरी उभी. रेघा सराईत होत्या. “विहिरीइकडचं दे मले. धुरा त्या मोठ्या दगडापासून सिधा टाकाचा, म्हंजे तुह्या वाट्याले रस्ता राह्यते. बोरीचं झाड तुह्याइकडं राहू दे, तुले बोरं आवडते. नाल्याकडची पट्टी पान्यात जाते, ते दोघाईत अर्धी-अर्धी. हे म्या धरूनच ठेवलं हाये.”

सरांनी तिच्यासमोरच हिंमतरावाला फोन लावला. हिंमतराव म्हातारा झाला होता, पण कानावर पेन असावा असाच बोलला. बक्षीसपत्र करू, गुरुवारी या, म्हणाला. बाईचा फोटो लागन. पुष्पाबाईनं त्यांना एसटीपर्यंत सोडलं, वाटेत भेटेल त्याला थांबवून “माहा भाऊ” एवढंच सांगितलं, आणि खिडकीतून डबा आत दिला.

एसटीत सरांनी एकच काम केलं. दुकानात पाठवलेल्या पोरानं सामानाची नावं घोकत जावं तसं ते घोकत होते : मी विचारलं नव्हतं. झेरॉक्सची टपरी होती. हाव मी म्हणालो. कुणीतरी एकानं तरी हे ध्यानात ठेवायला हवं होतं, आणि त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. मोताळ्यापर्यंत सगळं शाबूत होतं. घाट लागला, एसटी वळू लागली, पुढच्या बाकावरची बाई खिडकीबाहेर तोंड काढून ओकली, आणि तिला पाणी देताना टपरी सुटली. ती त्यांनी पुन्हा धरली, पण आता तिच्यावर सावली होती. हाव मी म्हणालो. का म्हणालो? तिनं तीनदा नकार दिल्यावर दुसरं काय म्हणणार? वरच्या वळणावर गार वारा आत आला. बुलढाण्याचे दिवे लागायची वेळ होती. निंबोळ्यांचा वास इतका खरा होता की त्यांनी हाताचा तळवा हुंगून पाहिला.

निशिगंधानं दार उघडलं. “काय म्हणाल्या?”

“घेते म्हणाली. विहिरीकडचं. गुरुवारी मेहकरला जायचंय.”

ती बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी आलं, जे सरांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. “दिलंत,” ती म्हणाली. “विचारलंत ना पण शेवटी?”

“चौथ्यांदा विचारलं तेव्हा कुठं हो म्हणाली.”

“चौथ्यांदा?”

“आधीचे तीन तेव्हाचे. कचेरीपुढं.” सर चपला काढायचे थांबले आणि दाराशीच उभे राहून सांगू लागले. कडूलिंब सांगितला. पहिली खेप, दुसरी. तिसऱ्या खेपेला आपण ताईचा हात घट्ट धरला, तिनं झटक्यानं सोडवून घेतला, तेव्हा तिची बांगडी फुटली, हिरवी, आणि हिंमतराव अंगठ्याची शाई लावताना म्हणाला, “बाई, रक्त येऊन राह्यलं.” सरांनी डबा दुसऱ्या हातात घेऊन तळव्यावरची जागासुद्धा दाखवली. निशिगंधा दार धरून ऐकत होती.

बांगडीचं पुष्पाबाईनं काही सांगितलेलं नव्हतं.